थियरी करेक्ट हाय, पाणी चुकलं

नळाला बाराव्या दिवशी पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या दौलतमामांनी पाण्यावरून उडणारं रिमोटचं विमान करायला घेतलं. जमिनीवरून उडणारं करता आलं असतं. पण जमीन आमच्याकडे मुबलक, तेव्हा तिच्यावर त्यांचा जीव बसला नसावा.

आमच्या उदगीरला दोन गोष्टी कायम येणार असतात, एक पाणी आणि दुसरा नवा जिल्हा. दोन्हींसाठी मोर्चे निघतात, आणि दोन्ही कधी येणार हे पुढाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यात मामांनी तिसरी भर घातली. "सर, येत्या रविवारी इमान पाण्यावरून उठून राहिलंय," असं ते मला दर बुधवारी सांगत.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. देवणीच्या वाटेवरच्या तळ्यावर रोज सकाळी जायचं, मोजपट्टीवर पाणी कुठवर आहे ते वाचायचं आणि वहीत लिहायचं, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. मोजल्यानं पाणी वाढत नाही हे खात्याच्या लक्षात यायच्या आत मामा पेन्शनीत निघाले.

विमान थर्माकोलचं. त्याचे पंख कुणाच्या तरी नव्या फ्रीजच्या खोक्यातून आले होते. चाकांच्या जागी होडीसारखे दोन तरंगते ठोकळे. रिमोटचा हुकूम ऐकणारं आतलं यंत्र भिजू नये म्हणून मामांनी ते जत्रेतल्या लाल फुग्यात घालून तोंड दोऱ्यानं आवळलं होतं. "सर, आत लेकरू झोपलंय असं समजा अन् हळू धरा," असं ते मला बजावत. मी शाळेत साठ पोरं सांभाळतो, पण त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता.

ठोकळे तरंगतात का हे पाहायला मामांनी आमचाच ड्रम निवडला. स्वतःच्या घरच्या ड्रमला शेवंतामामी त्यांना हात लावू देत नव्हत्या. बारा दिवसांचं साठवलेलं पाणी, आणि त्यात विमानाची आंघोळ! पुढचे बारा दिवस आमच्या चहाला डिंकाचा वास येत होता. माझ्या बायकोनं तोंडावर सुनावलं, तर मामा ड्रमात डोकावून शांतपणे म्हणाले, "ताई, थियरी करेक्ट हाय. पाणी चुकलं."

हे त्यांचं पालुपद. पहिल्या रविवारी त्याच तळ्यावर विमान धावत सुटलं आणि नाक खुपसून बुडालं, कारण ठोकळे आखूड होते. पण चुकलं पाणी. दुसऱ्या रविवारी ते भोवऱ्यासारखं फिरून काठावरच्या बाभळीत शिरलं. तेव्हाही पाणीच. प्रत्येक वेळी ते बाहेर काढायला गुडघाभर चिखलात मी उतरायचो आणि मामा कोरड्या काठावरून ओरडायचे, "फुगा जपा, फुगा!" माझ्या पायात काटा मोडला त्या दिवशीही त्यांनी आधी फुग्याचीच चौकशी केली.

शेवंतामामी मात्र तळ्याकडे कधी फिरकल्या नाहीत. "त्या डबक्याचं नाव काढू नका माझ्यापुढं," एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं, विमानाचा राग असेल. शहाण्या बाईला तो असायलाच हवा.

ऊन तापत गेलं, तळं आकसत गेलं. मामा हवालदिल झाले. "सर, फार तर एक रविवार उरलाय."

"पाऊस पडल्यावर उडवा की," मी म्हणालो.

"तवा काय फायदा? तवा घर परत बुडंल."

"कुणाचं घर?"

मामा बांधावर बसले. तळ्याच्या तळाशी उघडा पडलेला एक चौथरा त्यांनी बोटानं दाखवला. मामींचं माहेर.

"लग्नाला वरीस झालं नव्हतं. तळ्यात पहिलं पाणी चढून राहिलं. ती म्हनली, घर एकडाव शेवटचं बगू द्या. म्या म्हनलो, ड्यूटी हाय, मधी येऊ नको. सासऱ्याच्या पायरीला पाणी लागलं ती नोंद म्याच केली सर, ह्या हातानं. तवापासून ती हिकडं आली न्हाई. घर बगायला चल म्हनायची माझी हिंमत न्हाई. इमान उडालं तर ते बगायला म्हनून तरी येईल."

एवढे रविवार मी मनातल्या मनात या माणसाला वेड्यात काढत होतो. मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी मामींना गळ घातली, रविवारी विमान बघायला चला.

रविवारी मामी आल्या. रिक्षातून उतरल्या त्या भेगाळलेल्या मातीतून थेट चालत गेल्या आणि चौथऱ्यावर बसल्या. पायऱ्यांच्या पुढे चार पावलांवर उरलंसुरलं पाणी होतं.

हवा पडलेली. पाणी परातीतल्यासारखं स्थिर. मामांनी विमान सोडलं. ते धावलं, फार धावलं, पण पाणी सोडून उठेना. पुन्हा सोडलं, तेच. "पाणी खालून धरून ठेवतंय," मामा पुटपुटले. "जरा लाटा पायजेत." या खेपेला थियरी खरोखरच करेक्ट होती. बॅटरी मात्र उतरत चालली होती.

इतक्यात मामी उठल्या. पडक्या भिंतीचं ढेकूळ उचलून त्यांनी पाण्यात भिरकावलं. "गिळ! हे बी गिळ!" मग दुसरं. मग तिसरं. मामी रडत होत्या आणि ढेकळं फेकत होत्या. पाणी हलू लागलं.

मामांनी रिमोटची दांडी पुढे सारली. विमान लाटांवर दोनदा उसळलं आणि उठलं. मी पोरासारखा ओरडलो. चौथऱ्यावरून त्यानं तीन फेऱ्या मारल्या. हातातलं ढेकूळ तसंच धरून मामी वर बघत राहिल्या.

"उतरवा आता," त्या म्हणाल्या. "हितं. माझ्या दारात."

मामांचं विमान आजवर सांगितल्या जागी कधी उतरलं नव्हतं. त्या दिवशी ते पाण्याला टेकलं, घसरत आलं आणि पायऱ्यांसमोरच्या चिखलात थांबलं. मी पँट दुमडत होतो, पण मामी आधीच चिखलात उतरल्या होत्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवलं. फुगा जपा, असं मामा म्हणाले नाहीत.

"शेवंता," रिमोट खाली ठेवत ते म्हणाले, "त्या दिशी तुला बगू द्यायला पायजे व्हतं. पाणी न्हाई, म्याच चुकलो."

मामींनी पदरानं पंखावरचा चिखल पुसला.

"लई वर्सं लावली सांगायला," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बाजूला सरकून त्यांना बसायला जागा केली.