चार बोटांची मोकळीक

दिघे कपात चहा ओततात, तोसुद्धा कडेपासून चार बोटं सोडून. कप मुळात लहान, त्यामुळे पाहुण्याच्या वाट्याला घोटभरच येतो. त्यांच्या बायको सुनंदाताई म्हणतात, "काकू, परत मागून घ्या हो. लाजू नका." मी लाजतेच.

नागोयाला लेकीकडे राहायला आले तेव्हा आमच्या खालच्याच मजल्यावर मराठी घर आहे हे कळून मला फार धीर आला. दिघे पन्नाशीचे, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या घरात खुर्ची भिंतीपासून चार बोटं लांब, चपला उंबऱ्यापासून चार बोटं लांब. "मोकळीक पाहिजे, काकू! घासाघाशीनंच वस्तू मरते," असं ते बोटं जुळवून दाखवत सांगतात.

"लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापासून चार बोटं लांब उभे आहेत," सुनंदाताई म्हणतात. मी बघितला फोटो. खरंच आहेत.

एका रविवारी दिघे आमच्या दारात आले. "काकू, मूठभर कणीक द्या. घट्ट भिजवलेली."

मला वाटलं, सुनंदाताईंना बरं नसेल. मी तवा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

"अहो, पोळ्या नकोत! ट्रकला हवीय!"

गोष्ट अशी होती. ऑपरेशन झाल्यापासून सुनंदाताईंना परक्या गादीवर झोप येईना. म्हणून दिघ्यांनी ट्रकमागे ओढायचं एक जुनं चाकांवरचं घरच, ट्रेलर, विकत घेतलं. गादी घरची, शेगडी घरची. त्या घराचं नाक पुढे ट्रकच्या हौद्यावर येतं. पहिल्याच सहलीला समुद्राकडे जाताना चढ लागला, आणि हौद्याची कड त्या नाकावर खालून अशी आदळली की सुनंदाताई किंचाळल्या. घरी येऊन म्हणाल्या, "मला घरीच बरं." त्यानंतर वर्षभर कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध आणण्यापलीकडे त्या कुठे गेल्या नाहीत.

दिघ्यांनी कणकेचा चार बोटं उंच गोळा करून हौद्याच्या कडेवर बसवला आणि नदीकाठचा चढ चढून आले. गोळ्याची पुरी झाली होती.

"बघा, काकू! इथे मोकळीकच नाही!" चेहरा असा की जणू चोर सापडला.

मग दर सुट्टीला ते त्या घराखाली आडवे. चाकांचा आस कमानपाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, वर होता, तो खाली घेतला. घर तेवढं वर उचललं गेलं. कपाळाला ग्रीस, कोपरं सोललेली. जेवायची हाक मारली तर खालून आवाज यायचा, "चार बोटं झाली की येतो!" सरकारी तपासणीतही त्यांनी ते पास करून आणलं.

पुन्हा कणीक, पुन्हा नदीकाठचा चढ. या वेळी गोळा जसाच्या तसा परत आला. मला वाटलं, आता हे घरभर नाचतील. पण दिघे गोळा हातात घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहिले. बेल वाजवेनात.

"काकू, तुम्ही विचारता का तिला? मला नाही म्हणाली तर..."

मी कोणाला काही विचारणारी बाई नाही. पण गेले आत, आणि गोळा सुनंदाताईंसमोर ठेवला. "चढ चढून आलाय," एवढंच म्हणाले.

त्यांनी गोळ्याशेजारी बोटं उभी धरली. चार. बराच वेळ धरली. मग खिडकीतून खाली उभं असलेलं ते घर बघितलं.

"उंच झालंय की हो. मला कसं चढता येणार?" आणि मग हळूच, "हात धरून चढवतील का, विचारा."

मी बाहेर आले. विचारायची गरजच नव्हती. दार उघडंच होतं. सुनंदाताईंसाठी दिघ्यांनी लाकडी पायरी आधीच करून ठेवली होती, नवी, घासून गुळगुळीत केलेली. ती ट्रेलरच्या दाराशी मांडलेली मी सकाळीच पाहिली होती.

दिघे लगबगीनं खाली गेले, इकडेतिकडे बघितलं, आणि पायानं ती पायरी ट्रेलरखाली पार आत सरकवून टाकली.