गुलाबी हायड्रेंजियाचा निळा इलाज

सासूबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या आणि जाताना हायड्रेंजियाची कुंडी थोरल्या जावयाच्या हवाली करून गेल्या. "चांगले गुलाबी गेंद येतात हिला. जपा हं, जावईबापू!"

जावई शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. "आई, तुम्ही निर्धास्त जा," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. सरांनी नत्राची कमतरता ठरवून खत घातलं. पानं आणखी पिवळी! मग मॅग्नेशियम ठरवून एप्सम मीठ घातलं. झाडाने तेही मानलं नाही. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, की सर कुंडी पाठीआड करून उभे राहायचे.

"आईला झाड दाखव ना," बायको म्हणाली.

"विश्रांती घेतंय ते."

शेवटी, पोरांना वर्षानुवर्षं ओरडून सांगितलेली गोष्ट त्याने स्वतः केली. आधी नीट बघितलं. जुनी पानं हिरवीच होती. पिवळी होती ती कोवळी, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी. माती पाण्यात कालवून पीएचची पट्टी बुडवली, तर आकडा आठापर्यंत चढलेला! बोअरच्या क्षारांच्या पाण्याने माती अल्कधर्मी झाली होती, त्यामुळे तिच्यात असलेलं लोहही मुळांना मिळेना. 'झाडाचं तोंड बांधलेलं, आणि आपण पंगत वाढत बसलोय,' त्याने स्वतःलाच शून्य मार्क दिले.

क्षार काढलेलं पाणी, माती आम्लधर्मी करायला बेताबेताने तुरटी, जरासं लोहाचं खत. पानं हिरवीगार झाली, कळ्या आल्या, फुलल्या. निळ्या! आम्लात लिटमस लाल होतो, हे शिकवण्यात सरांची हयात गेली. हे झाड आम्लात निळं झालं होतं.

सासूबाई परतल्या. "हे कुणाचं झाड?"

"तुमचंच, आई. माती आम्लधर्मी झाली, की तुरटीतलं ॲल्युमिनियम मुळांतून वर..."

"ॲल्युमिनियम पातेल्यात असतं. मारलंत ना माझं झाड?"

"अहो, कुंडी तरी ओळखा!"

"कुंडी माझीच आहे. मी झाडाचं बोलतेय."

"कबूल करून टाक रे," बायको कुजबुजली.

सासूबाईंनी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी लेकीमार्फत मागायच्या. अखेर जेवताना जावयाने हात टेकले. "आई, चुकलो. तुमचं झाड मेलं. हे नवीन आणलं."

सासूबाईंचा चेहरा एकदम खुलला. "मग हे आधीच नाही का सांगायचं? खरं बोललं की राग राहत नाही बघा." त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला वाढलं आणि लेकीला म्हणाल्या, "मनाने सरळ आहेत हो. आता त्याच दुकानातून एक गुलाबीही आणा, जावईबापू."

जावयाने निमूटपणे त्या निळ्या झाडाची फांदी छाटून दुसऱ्या कुंडीत खोचली, आणि मातीत कालवायला चुना शोधू लागला.