लबाड पकडायची तुतारी

लबाडी म्हणून एकहार्ट बाउमानला खपायची नाही. जर्मनीतल्या कासेल शहराच्या कडेला भाड्याच्या बागांची एक वसाहत आहे. तिथे तो, फोल्कर आणि गेर्नोट असे तीन निवृत्त गृहस्थ सहा वर्षं अंतराळयुद्धाचा एक जुना खेळ खेळत होते. खेळ काढणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. वसाहतीत इंटरनेटही नाही. म्हणून एकहार्टने स्वतः प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येकाने घरी आपली चाल मोहोरबंद करून पेनड्राइव्हवर टाकायची, बिस्किटाच्या डब्यातून पुढच्याकडे पोचवायची आणि रविवारी एकहार्टच्या बागेतल्या खोपटात तिन्ही चाली एकदम चालवायच्या.

पण गेर्नोट चाल पुन्हा उघडून बदलतो, असा एकहार्टला संशय. मग त्याने प्रोग्रॅममध्ये पहारा बसवला. मोहोरबंद फाईल कोणी उघडलीच, तर रविवारी तुतारी वाजणार, ज्याची फाईल त्याचं साम्राज्य कॉम्प्युटरकडे जाणार आणि वर केकही त्यानेच आणायचा.

"दयामाया?" फोल्करने विचारलं.

"मी स्वतः रडलो तरी नाही!" (अशी वाक्यं माणसाने जरा जपून बोलावीत.)

चार डाव झाले, चारही एकहार्ट हरला. पाचव्यात मात्र गेर्नोटचा शेवटचा किल्ला पडायला एकच चाल उरली होती. एकहार्टने करंडक म्हणून एक कुंडी सोनेरी रंगवली, आणि विजयाचं संगीत नीट ऐकू यावं म्हणून मोठा स्पीकरही आणला. रविवारी सव्वा वाजता, म्हणजे वसाहतीत गवत कापायलाही बंदी असते त्या दुपारच्या शांततेच्या वेळी, त्याने दोघा मित्रांसमोर धीर न धरवून बटण दाबलं.

तुतारी वाजली. पडद्यावर अक्षरं आली: 'लबाड सापडला! एकहार्ट बाउमान!'

कुंपणापाशी वसाहतीच्या अध्यक्षा ड्रेशरबाई उगवल्या. "बाउमान, बंद करा ते!"

"बंद होत नाही हो. तशी सोयच ठेवलेली नाही."

"कोणी ठेवली नाही?"

"मीच."

सातव्यांदा वाजून तुतारी दमली. ड्रेशरबाई वहीत नाव लिहून गेल्या, तेवढ्यात बायको रोझविता आली.

"माझी फाईल कोणी उघडली?" एकहार्ट किंचाळला.

"डब्यातली? मी रे. भोपळ्याचे फोटो शोधत होते. काही कळलं नाही, बंद केली."

आपलेच दात, आपलेच ओठ! एकहार्ट मित्रांकडे वळला. "ऐकलंत? मी निर्दोष आहे!"

"मागच्या डावात माझं मांजर कीबोर्डवर चढलं होतं," गेर्नोट शांतपणे म्हणाला. "तू म्हणालास, मांजराची साक्ष चालत नाही."

"ही बायको आहे!"

"नियमात तसा भेद नाही."

रोझविताने गेर्नोटकडे असं पाहिलं की केक तीच करणार हे आठवून त्याने लगेच तिला खुर्ची दिली. एकहार्टला खरोखर रडू आलं. दयामाया झाली नाही. कॉम्प्युटरने त्याचं साम्राज्य घेतलं, ज्या किल्ल्यावर तो पाच आठवडे डोकं आपटत होता तो बाजूला ठेवला, मागची इंधनाची खाण काबीज केली आणि त्याच चालीत डाव जिंकला. फोल्करने सोनेरी कुंडी उचलून कॉम्प्युटरवर ठेवली.

पुढच्या रविवारी दंडाचा आलुबुखाराचा केक खाता खाता फोल्कर म्हणाला, "नव्या डावात एकहार्टचं साम्राज्य पहिल्यापासूनच कॉम्प्युटरकडे देऊ. खेळात जरा रंगत येईल."

"आणि मी काय करू?"

"केक आण," गेर्नोट म्हणाला.

एकहार्टने मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"बरोबर बोलतायत ते," ती म्हणाली. "केक मी करीन, तू फक्त आणून पोचव. आणि वाटेत डबा उघडू नकोस हं, तुतारी वाजेल."