अंगठ्यांची झडती

हरीकाका म्हात्रे माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हाताचे अंगठे. म्हणजे माणूस दहा वर्षांच्या आतला असेल तर. तेव्हा सुकापुरात दर महिन्याला एक नवी बिल्डिंग उठत होती, आणि आमची काकांच्याच भातशेतीवर उठली होती. शेत गेलं, पण राखणदारी काही सुटली नाही. संध्याकाळी ते गेटपाशी खुर्ची टाकून बसत आणि मातीत खेळून आलेल्या प्रत्येक पोराला अडवत.

"दोनी आंगठे दाखव!"

दोन्ही मळके असले की सुटका. एक मळका आणि दुसरा पांढराफेक, सुरकुतलेला निघाला, तर काकांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचे. "यो चोखतंय! दात नाय, फावडा व्हनार याचा!"

माझ्या लेकीचा, सईचा, उजवा अंगठा कायम स्वच्छ. पहिलीत जायची वेळ आली तरी सवय सुटेना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पक्के दात यायच्या आत हे थांबलं पाहिजे, नाहीतर पुढे तारा लावाव्या लागतील. माझी झोप उडाली. काकांना मात्र हुरूप आला.

दुसऱ्याच दिवशी ते वाटीत कारल्याचा रस घेऊन हजर. "ताई, तीन दिस लावाचा. चौथ्या दिसाला मना पेढे द्या."

पहिल्या दिवशी सई थुंकली. दुसऱ्या दिवशी तिने नुसतं तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी ती दारात उभी राहून, डावा अंगठाही पुढे करून विचारत होती, "काका, आज कारलं नाही आणलं?" काका दोन दिवस गेटवर दिसले नाहीत.

शेवटी मी सईला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे निघाले. काका माझ्याआधी रिक्षात जाऊन बसले होते. कारल्याची कथा ऐकून बाई पोट धरून हसल्या. "कडू लावू नका, ओरडू नका. झोप आली की चोखते ना? मग झोप लागेपर्यंत तो हात कशात तरी गुंतवा."

"म्हंजे राखन बसवाची," काका गंभीरपणे म्हणाले. "ती आमाला येते."

दुपारी माझ्या शिकवण्या असत. तेव्हापासून दोनच्या ठोक्याला काका यायचे, सईच्या पलंगाशेजारी बसून तिचा उजवा हात मुठीत धरायचे आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, धादांत खोट्या गोष्टी सांगायचे. महिन्याभरात सईचा उजवा अंगठाही चारचौघांसारखा मळका झाला. मला तो धुवावासाही वाटेना.

एका दुपारी शिकवणी आटोपून मी चहा घेऊन खोलीत गेले. सई गाढ झोपली होती.

"काका, सुटली हो सवय! आता उद्यापासून तुम्हाला सुट्टी."

काकांनी तिचा हात सोडला नाही.

"माजी पोरगी सुनी पन अशीच चोखाची," ते हळूच म्हणाले. "मी मिरची लावली, ताई. झोपंत डोले चोलले तिनं. लय रडली. आंगठा सुटला, पन त्या दिसापासून माज्या बाजूला कदी झोपली नाय. आता लगीन होऊन कलंबोलीला हाय. सनाला येते, पानी देते, आनि लांब जाऊन बसते."

 

"उद्या येऊ ना?" त्यांनी विचारलं.

"रोज या," मी म्हटलं, आणि चहा त्यांच्या हाताशी ठेवून दार लोटून घेतलं.