‘कर्क’ची चौकशी

श्यामरावांनी पाव किलो शेंगदाणे तोलले, काटा स्थिर होऊ दिला, आणि मग वर आणखी एक मूठ टाकली. शनिवार पेठेत असं काही घडल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

"काय केलंत तुम्ही?" घरी येताच ललिताबाईंनी नवऱ्याला जाब विचारला. "श्यामराव वर म्हणाले, ‘रंगनाथरावांना जपा, वहिनी.’ अहो, सुटे नाहीत म्हणून याच माणसाने मला पायरीवरून परत पाठवलं होतं!"

रंगनाथांनी काहीच केलं नव्हतं. निदान तशी त्यांची समजूत होती. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते एका संगणक कंपनीसाठी मराठी ज्ञानकोशाच्या नोंदी लिहीत. सगळा कोश एका चकाकत्या सीडीवर मावणार होता. मालक दिग्विजय त्यांच्या विद्यार्थ्यांहूनही लहान. त्याने सोमवारी ‘कर्क’ हा शब्द दिला होता. "थोडक्यात हं, सर. शुक्रवारी फायनल."

पण तो शब्द थोडक्यात मावेना. एकच खेकडा; तो आकाशात तारे होऊन बसतो, पृथ्वीच्या पाठीवर रेघ होऊन पडतो, आणि माणसाच्या देहात शिरला की त्याचं नाव दबक्या आवाजात घेतात. त्याला इतक्या ठिकाणी कुणी नेऊन सोडलं? निवृत्तीनंतरच्या ओसाड दुपारी असा प्रश्न भेटणं म्हणजे रंगनाथांना मोगरा फुलल्यासारखं होतं. चौकशी मुळापासून करायची, ही त्यांची जुनी सवय. ती कशासाठी, हे कुणाला सांगायचं नाही, हीसुद्धा.

ग्रंथालयात ते गोदाबाईंना म्हणाले, "कर्करोगावरचं असेल तेवढं सगळं द्या."

"कुणासाठी हो?"

"मलाच हवंय. जरा घाई आहे."

तिथून ते ज्योतिषाकडे गेले आणि कर्क राशीचा स्वभाव विचारताना नमुना म्हणून स्वतःचीच पत्रिका पुढे केली. मग कोपऱ्यावरच्या यात्रा कंपनीत शिरले.

"उज्जैनकडे जाताना कर्कवृत्त ओलांडावं लागतं का हो?"

"ते नाही सांगता येणार, काका. पण दर्शन छान होतं. परतीचं तिकीट कधीचं काढू?"

"परतीचं नंतर बघू," रंगनाथ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पलीकडे काय आहे, ते आधी कळायला हवं."

गोदाबाई, ज्योतिषी आणि यात्रा कंपनीतला कारकून, तिघांचंही वाणसामान श्यामरावांकडून येई, आणि दिग्विजयच्या ऑफिसातली चहा-साखरसुद्धा. दोन दिवसांत पेठ मऊ झाली. समोरच्या घरमालकाने ‘येथे सायकल लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी उतरवून ठेवली आणि म्हणाला, "लावा हो बिनधास्त." श्यामरावांनी तर भर दुपारी दुकानाची फळी अर्धी उघडली. विचारलं मात्र कुणीच काही नाही. पेठेत लोक दुसऱ्याच्या भांडणात तोंड घालतात, पण दुसऱ्याच्या दुखण्याचं नाव त्याच्या तोंडावर घेत नाहीत.

रंगनाथांना आता खेकड्याइतकंच या गोडव्याचंही कुतूहल वाटू लागलं. शुक्रवारी दिग्विजयने त्यांना स्वतः उठून खुर्ची दिली.

"सर, ‘कर्क’ राहू द्या. ती एंट्री ऑफिसातला सोनू करेल. तुम्ही फक्त रेस्ट घ्या."

रंगनाथ त्या खुर्चीत बसलेच नाहीत. रात्रंदिवस उशाशी बाळगलेला शब्द! आणि सोनू तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकणार.

"का? माझं लिहिणं बिघडलंय?"

"नाही सर. पण आता… म्हणजे तुम्हाला ते…"

"ते काय?"

"सर, प्लीज."

"नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय मी नोंद सोडणार नाही."

दिग्विजयने दाराकडे पाहिलं आणि ओठ जेमतेम हलवले. "कॅन्सर."

"अहो, त्याचाच तर तुम्ही मला पगार देता!"

दिग्विजय आधी लाजला, मग पोट धरून हसला, आणि नोंद रंगनाथांच्या हाती परत आली. त्यांनी लिहिलं, की गाठीभोवती फुगलेल्या शिरा जुन्या ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. आणि कर्कवृत्तापाशी सूर्य खेकड्यासारखाच मागे सरकू लागतो. अखेरीस एक ओळ जोडली: ‘पुण्यात हा शब्द उच्चारत नाहीत, त्याऐवजी माणसे नीट वागू लागतात.’

"सर, शेवटचं वाक्य कापू?"

"ते ठेवा. बाकीचं कापा."

संध्याकाळी त्यांनी श्यामरावांना खुलासा केला. श्यामरावांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"म्हणजे धडधाकट आहात?"

"अगदी."

"मग आधी बोलायचं!" त्यांनी वजन खणकन आपटलं. "आणि उद्यापासून सुटे घेऊन यायचं."

समोरची पाटीही रात्रीच्या आत जागेवर आली.

पुढच्या सोमवारी दिग्विजयने नवा शब्द दिला: ‘कर्णबधिरता’. रंगनाथ आता शहाणे झाले होते. ग्रंथालयात शिरताक्षणी त्यांनी खुलासा केला, "गोदाबाई, बहिरेपणावरची पुस्तकं हवीत. नोंदीसाठी हं, माझ्यासाठी नव्हे."

"हो हो," गोदाबाई हळुवारपणे म्हणाल्या, "नोंदीसाठीच."

दुसऱ्या दिवशी ते ललिताबाईंबरोबर दुकानावरून जात होते. श्यामराव फळीवर ओणवे झाले आणि त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा केला.

"रं-ग-ना-थ-राव! शें-ग-दा-णे ह-वे-त का?"

"अहो, सांगून टाका त्यांना," ललिताबाई पुटपुटल्या.

रंगनाथांनी खिशातली पेन्सिल काढली, मोकळा हात कानामागे धरला आणि अतीव उत्सुकतेने विचारलं, "काय म्हणालात?"