थंड इंजिनाचा बंदोबस्त

जगात कुठलाही धूर मुळात वाईट नसतो. तो चुकीच्या वेळी मोजलेला असतो. हे सत्य आमच्या गृहसंस्थेला सापडलं, आणि ज्या अर्थी मी संस्थेचा सचिव आहे, त्या अर्थी ते मलाच सापडलं.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागल्यापासून आमच्याकडे आनंदीआनंद होता. या मिश्रणाचा धूर कमी विषारी, असं पंपावरच्या फलकावर लिहिलं होतं, आणि फलक चांगला रंगीत होता. तरी आम्ही रीतसर पाहणी केली. शंभर टक्के वाहनधारकांना हवा सुधारल्याचं जाणवलं. (ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांना विचारलं नाही. त्यांना धुरातलं काय कळतं?)

माशी शिंकली ती तपासनिसामुळे. धूर मोजायचं यंत्र घेऊन हा गृहस्थ दरवर्षी दुपारी येतो. यंदा हा बहाद्दर भल्या सकाळी उगवला, सगळ्या गाड्या गारठलेल्या असताना. पहिल्याच गाडीच्या मागच्या नळीत त्याने सळई घातली आणि यंत्र बोंबललं. मालकाचं तोंड एवढंसं झालं.

तपासनीस मात्र मुरलेला. म्हणाला, "घाबरता काय साहेब? इंजिन थंड आहे, हे मिश्रण थंड असताना नीट जळत नाही. जरा तापू द्या." तापू दिलं. यंत्र गप्प बसलं. (थंड इंजिनातून डोळ्यांना झोंबणारा आणखी एक वायू निघतो, असं तो जाता जाता म्हणाला. पण त्याच्या यंत्रात त्या वायूसाठी रकाना नाही, आणि रकाना नसलेल्या वायूची दखल संस्थेला घेता येत नाही.)

तातडीची सभा बोलावली. दोष पेट्रोलचा नव्हता, अल्कोहोलचा नव्हता, गाडीचा तर नव्हताच. दोष थंडपणाचा होता. सबब ठरलं की, आवारातलं कोणतंही वाहन यापुढे थंड होऊ द्यायचं नाही. किल्ल्या राखणदाराकडे द्यायच्या आणि त्याने आळीपाळीने इंजिनं सुरू करत फिरायचं. अशाने पेट्रोल जास्त जळेल, अशी शंका एका सभासदाने काढली. मी त्यांना समजावलं, अहो, जास्त जळेल म्हणजे स्वच्छ धूरही जास्त निघेल. पूर्वी आठवडाभरात मिळायचा तेवढा स्वच्छ धूर आम्हाला आता एका दिवसात मिळू लागला.

विरोध आला तो फक्त तळमजल्यावरून. तिथे माझी सख्खी आत्या राहते. तिला दमा आहे. श्वास कोंडला की खिडकीशी खुर्ची ओढून बसायचं, हे तिचं निम्मं औषध. आणि तिची एकुलती एक खिडकी पार्किंगकडे उघडते. मी गेलो तेव्हा तिने फटींमध्ये जुन्या चादरी कोंबल्या होत्या आणि आत घामाघूम होऊन बसली होती.

"मेल्या, तुझी आई गेल्यावर तुझा शेंबूड पुसला तो याचसाठी का रे?" ती म्हणाली. "एवढा स्वच्छ आहे ना तुमचा धूर? मग पिशवीत भर आणि ने की तुझ्या चौथ्या मजल्यावर!"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नातीगोती बघून कारभार होत नाही. मी तपासनिसाला पुन्हा बोलावलं. त्याने चादर बाजूला करून खिडकीत सळई धरली. यंत्र गप्प. तेवढ्यात आत्याला उबळ आली आणि ती थेट सळईवर खोकली. यंत्र बोंबललं.

तपासनिसाने आकडा दोनदा वाचला. "हवा ठीक आहे. आजी थंड आहेत. गरम पाणी द्या, मग बघू."

गरम पाणी दिलं. आत्या काही पास झाली नाही. आवारातली एकमेव प्रदूषक म्हणून तिची नोंद करावी लागली. नियम सगळ्यांना सारखा.

रविवारी तिने घर सोडलं. चार पायऱ्या उतरताना दोनदा दम खायला थांबली, पण माझा हात काही धरला नाही. नव्या जागी मीच तिला सोडून आलो. सामान उतरवेपर्यंत गाडी अर्थातच सुरू ठेवली होती.

जागा बरी आहे. तुमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. खिडकी बरोबर तुमच्या उभ्या गाडीच्या मागे उघडते. तुमच्या गाडीचं प्रमाणपत्र मी काचेतून वाचलं; अगदी स्वच्छ आहे. उद्या सकाळी गाडी सुरू कराल, तेव्हा आत्याला तेवढं जरा समजावून सांगा. माझं ती ऐकत नाही.