अधिकारी जागेवर सापडला

कादंबरीकाराने अद्‌भुत राज्याचे सहा खंड लिहिले होते. त्यांत डोंगर चालत, मेलेले राजे दरबार भरवत आणि एक चेटकीण नवऱ्याचा रोज संध्याकाळी पोपट करी. कुणीही हरकत घेतली नाही. सातव्या खंडात मात्र त्याचा तोल गेला. त्यात एक म्हातारी नळ कोरडा म्हणून पाणीखात्यात जाते, अधिकारी जागेवर असतो, तिला खुर्ची देतो आणि दुपारपर्यंत नळ वाहू लागतो.

संपादिकाबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"कल्पनेलाही मर्यादा असते," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "पोपट ठीक आहे. पण हा अधिकारी वाचकाला पचायचा नाही. निदान त्याला जेवायला तरी पाठवा."

कादंबरीकार हटून बसला. त्याच्या आईच्या चपला त्याच खात्यात हेलपाटे घालून झिजल्या होत्या. ती गेली, तरी नळ कोरडाच होता. ते पान लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते.

पुस्तक आलं आणि हातोहात खपलं. आठवडाभरात पाणीखात्यात नोकरीला असलेला त्याचा मेव्हणा घरी येऊन धुसफुसत बसला.

"भावोजी, आमचं जगणं हराम केलंत. लोक येऊन विचारतात, बसायला खुर्ची कुठाय?"

"मग द्यावी," बायको आतून म्हणाली.

"ताई, खुर्च्या आहेत गं. त्यांच्यावर फायली बसल्यात."

खात्याने चौकशी समिती नेमली. परवानगीशिवाय काम करणारा हा अधिकारी कोण, याचा कसून शोध झाला. असा इसम अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष निघाला. अस्तित्वात नसणं ही पात्रता पुरेशी मानून रिकाम्या पदावर त्याचीच नेमणूक झाली, आणि दारावर पाटी लागली : साहेब रजेवर आहेत.

वाचकांनी खात्याची यथेच्छ टिंगल केली. कादंबरीकाराला वाटलं, चला, लोक आपल्या बाजूने आहेत. त्याच भरात त्याने आठव्या खंडात त्या अधिकाऱ्याच्या दाराबाहेर नागरिकांची रांग उभी केली. सरळ. मध्ये घुसणं नाही, ओळख सांगणं नाही.

हा खंड दुकानातच पडून राहिला. काय बिनसलं ते कळावं म्हणून संपादिकाबाईंनी वाचकांची सभा भरवली. सभागृह गच्च भरलं. शेवटच्या ओळीतून एक गृहस्थ उठले.

"चेटकीण आम्ही मानली," ते नम्रपणे म्हणाले. "अधिकारीही मानला, तुमच्यासाठी. पण मुकाट्याने आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं? वाचकाला इतकंही दूधखुळं समजू नये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कादंबरीकाराने मान डोलावली, चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्तीत रांग काढून टाकण्याचं वचन दिलं. मग सह्या घेण्यासाठी सगळे उठले. समोरच्या ओळीतल्या लोकांना खुर्च्यांमधून बाहेर पडायलाही सवड मिळाली नाही, तोवर शेवटच्या ओळीतले ते गृहस्थ टेबलापाशी पोहोचलेसुद्धा.

"माझं पटकन होईल," पुस्तक पुढे सरकवत ते मागच्यांना म्हणाले. "एकच तर सही आहे."